साडेसातीचं पारायण

निवृत्तीनंतरच्या दिनक्रमाबद्दल मागे या सदरात लिहिताना एक वाक्य ओघात गेलं होतं : ‘सकाळचा चहा झाला की तालमूदचं आजचं पान, मग भाजी.’ भाजीबद्दल कुणी काही विचारलं नाही. पानाबद्दल मात्र इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलेले छाटलेत.

तालमूद म्हणजे तुमची पोथी का? आमच्याकडे गुरुचरित्राचं पारायण सात दिवसांचं असतं. तुमचं किती दिवसांचं? आणि फलश्रुती काय? (पंचवटीतून एक वाचक)

सात दिवसांचं नाही, साडेसात वर्षांचं. हिशेबाने २,७११ पानं, रोज एक, म्हणजे सात वर्षं आणि वर पाच महिने. आमच्या जेलरोडच्या शेजारणीने हे ऐकलं आणि पटकन म्हणाली, “अहो, मग ही साडेसातीच की!” आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली. शनीशी घरोबा जुनाच. तेव्हापासून घरात या नेमाला साडेसाती हेच नाव पडलं आहे.

पोथी म्हणायची तर ती तोरा, मोशेची पाच पुस्तकं. तिच्यावरून तोंडी चालत आलेले नियम इसवी सन २०० च्या सुमारास रब्बी (म्हणजे ज्यू धर्मगुरू) यहूदा हनासी यांनी एकत्र केले, ती मिश्ना. त्या मिश्नेवर बाबिलोनच्या विद्यापीठांत पुढची तीनेकशे वर्षं जो काथ्याकूट चालला तो गेमारा. दोन्ही मिळून तालमूद. त्यात शेती आहे, लग्न, घटस्फोट, उसनवारी, रस्त्यात सापडलेल्या वस्तू, मंदिरातले बळी, तापावरचे उतारे आणि भुतंखेतंसुद्धा. देवाचं नाव न येता पानंच्या पानं जातात.

रोज एक पान ही चाल मात्र जुनी नाही. १९२३ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत पोलंडमधले रब्बी मेइर शापिरो यांनी ती सुचवली. जगात कुठेही असा, आजच्या दिवशी सगळ्यांचं पान एकच. पहिलं चक्र ११ सप्टेंबर १९२३ ला सुरू झालं. सध्याचं चौदावं, ५ जानेवारी २०२० पासूनचं.

फलश्रुतीबद्दल विचारलंत ते बरं केलंत. आहे, आणि पोथीत असते तशी अगदी शेवटच्या पानावर : जो रोज नियमांचा अभ्यास करतो त्याला परलोकाची खात्री. तीही एलियाहू या संदेष्ट्याच्या परंपरेतली म्हणून सांगितली आहे, आणि एलियाहू हन्नाबी म्हणजे आमचं घरचं दैवत म्हणावं इतका जवळचा. पण ते पान ७ जून २०२७ ला येणार. तोवर मला उधारीवरच वाचायला हवं.

मॅडम, आपण सरकारी प्रेसमध्ये तपासणी विभागात बरोबर होतो. शीटवरचा केसाएवढा डाग तुमच्या नजरेतून सुटायचा नाही. हे पुस्तक छपाई म्हणून कसं आहे? (नाशिकरोड)

तुमचं पत्र वाचून डोळ्यांसमोर ती लांब टेबलं आली. तुम्हाला दाखवायलाच हवं असं पान आहे हे.

मधोमध ठसठशीत चौकोनी अक्षरांत मूळ मजकूर. बांधणीच्या बाजूला, बारीक वेगळ्या वळणाच्या अक्षरांत, राशी या भाष्यकाराची टीप. (नाव राशी असलं तरी ज्योतिषाशी संबंध नाही. फ्रान्समधल्या त्र्वा गावचे विद्वान, १०४० ते ११०५.) समोर बाहेरच्या समासाकडे तोसाफोत, म्हणजे राशींचे नातू आणि त्यांच्यामागून आलेले शिष्य यांची भर. मूळ मजकूर कधी कधी पानात जेमतेम चार-पाच ओळींचा, आणि भोवती दोन्ही बाजूंनी टिपांचा गराडा. एका बाजूने आजोबा शांतपणे अर्थ सांगतात, दुसऱ्या बाजूने नातू म्हणतात की हे जुळत नाही, कारण अमुक ठिकाणी तर उलटं लिहिलंय. आजोबा-नातवांचं हे भांडण इतकी शतकं एकाच पानावर छापलं जातंय, आणि कुणाला कुणाची ओळ गाळावीशी वाटलेली नाही. विरामचिन्हं जवळजवळ नाहीतच. प्रश्न कुठे संपला आणि उत्तर कुठे सुरू झालं हे आपण शोधायचं.

ही मांडणी बसवली व्हेनिसच्या दानिएल बोम्बर्गने, १५२० ते १५२३ या काळात. गृहस्थ ख्रिस्ती. त्याने पान जिथे तोडलं तिथेच ते आजही तुटतं, त्यामुळे ‘बाबा कम्मा खंड, पान ५२’ म्हटलं की न्यूयॉर्क असो की नाशिकरोड, तोच मजकूर निघतो. १८८० च्या दशकात विल्ना शहरातल्या ‘रॉम’ घराण्याच्या छापखान्याने जी आवृत्ती काढली तिचंच रूप आज बहुतेकांच्या हातात असतं. आणि बोम्बर्गनंतर तीस वर्षांत, १५५३ मध्ये, रोमच्या चौकात तालमूदच्या प्रतींची होळी झाली, हेही त्याच छपाईच्या गोष्टीत येतं.

आता तुमच्यासाठी खास : प्रत्येक खंड दुसऱ्या पानापासून सुरू होतो. पहिला आकडा कुठेच नाही, ते पान शीर्षकात गेलेलं असतं. आपल्याकडे एक नंबरची शीट हिशेबात लागली नसती तर गेट बंद करून सगळ्यांची झडती झाली असती!

मी स्वतः बहुतेक दिवशी टॅबवर, सेफारिया या संकेतस्थळावर इंग्रजीतून वाचते. रब्बी आदिन स्टाइनझाल्ट्झ यांनी १९६५ पासून साऱ्या तालमूदला विरामचिन्हं, स्वरचिन्हं आणि सोप्या हिब्रूत अर्थ द्यायचं काम घेतलं आणि २०१० मध्ये ते पुरं केलं. त्याच्यावरचं इंग्रजी भाषांतर तिथे फुकट आहे. छापील खंड मोजकेच आहेत, मामेबहिणीने इस्रायलमधल्या अश्दोदहून पाठवलेले.

मावशी, मी इंजिनिअरिंगला आहे. दीड हजार वर्षांपूर्वी कुणाच्या बैलाने कुणाला शिंग मारलं हे २०२६ मध्ये वाचून काय मिळतं? (गंगापूर रोड)

गंगापूर रोडला राहून, येता-जाता गाई-बैलांना वळसा घालून कॉलेजला जाणाऱ्या मुलाने हा प्रश्न विचारावा म्हणजे कमाल आहे.

‘बाबा कम्मा’ हा खंड नुकसानभरपाईचा. पहिलंच वाक्य सांगतं की नुकसानीचे मूळ प्रकार चार : बैल, खड्डा, चरणं आणि आग. खड्डा सार्वजनिक वाटेवर खणला, आणि तो दहा मुठी खोल असला, तर तेवढ्या खोलीत जनावर मरू शकतं. मेलं तर खणणाऱ्याने भरून द्यायचं. दहा मुठींहून उथळ असेल तर मेल्याची जबाबदारी नाही, पण दुखापत झाली तर आहे. बरं, खड्डा दोघांच्या भागीदारीतला असला तर? पहिला शेजारून गेला, त्याने झाकला नाही. मग दुसरा गेला, त्यानेही झाकला नाही. मिश्ना म्हणते, दुसरा जबाबदार. सिंहस्थाच्या कामांत आपल्याकडे एकाच रस्त्यावर पाण्याचे, वीजवाले आणि केबलवाले पाठोपाठ येतात. ते दृश्य डोळ्यांसमोर ठेव आणि हे वाक्य पुन्हा वाच.

माझं आवडतं याच्या पुढचं आहे. नीट झाकलेल्या खड्ड्यात बैल पडून मेला तर मालक सुटला, असं मिश्ना म्हणते. गेमारा लगेच विचारते, नीट झाकला होता तर बैल पडला कसा? उत्तर येतं, झाकण आतून किडलं होतं. वरून दिसत नव्हतं. ठीक. मग आणखी कुणीतरी विचारतं : झाकण बैलांना पेलणारं होतं, उंटांना नाही. उंट आले, झाकण खिळखिळं करून गेले. मागून बैल आला आणि पडला. आता? त्यावर चर्चा अशी की त्या वाटेला उंट नेहमी येत असतील तर झाकणाऱ्याने उंट धरूनच झाकायला हवं होतं. कधीच येत नसतील तर बिचाऱ्याचा दोष नाही. आणि अधूनमधून येत असतील तर? तिथे खरी कुस्ती.

उंटाच्या जागी डंपर घाल, बैलाच्या जागी तुझी दुचाकी. तुमच्या अभ्यासात भार, थकवा आणि छुपा दोष असे धडे असतात ना, तेच हे, फक्त परीक्षेत गुण नाहीत. काय मिळतं म्हणशील तर मला ही मजा मिळते की कुणीतरी ‘अधूनमधून येणारा उंट’ इतका विचारात घेतला.

सगळी पानं अशी नाहीत, हेही सांगून ठेवते. बळीच्या रक्ताचे शिंतोडे वेदीच्या कुठल्या कोपऱ्यावर उडवायचे यावर गेल्या हिवाळ्यात महिने गेले. तेव्हा मी भाजी निवडता निवडता कानात व्याख्यान लावून पान उरकत होते.

तुमची माणसं कोकणातली, घाणा चालवणारी. हे अरामी भाषेतलं पुस्तक तुमच्या आजी-पणजीला ठाऊक तरी होतं का? नसेल तर ते आता तुमचं कसं? (निवृत्त शिक्षिका, देवळाली कॅम्प)

बाई, तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत, पण प्रश्न रास्त आहे.

नव्हतं ठाऊक. आमच्याकडे सांगतात ते असं : अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पुस्तकं समुद्रात गेली. राहिलं ते इतकंच : शनिवारचा विसावा, मुलग्यांची सुंता, खवले आणि पर असलेलाच मासा, आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना. जन्माला शेमा, लग्नाला शेमा, मरणाला शेमा. आम्ही मूळ मंडळींपासून तुटलो तेव्हा तालमूद व्हायचंच होतं, असं आमची परंपरा धरून चालते.

आणि तालमूदचं पहिलं वाक्य काय आहे? ‘संध्याकाळचा शेमा केव्हापासून म्हणायचा?’ साऱ्या २,७११ पानांचं दार त्या एका प्रार्थनेवर उघडतं. ५ जानेवारी २०२० ला मामेबहिणीने अश्दोदहून फोनवर ते वाचून दाखवलं. (त्याच दिवशी जेरुसलेमला बायकांचा मोठा मेळावा झाला होता, तीन हजारांच्या वर बायका, तिथूनच तिच्या डोक्यात हे खूळ शिरलं.) मी म्हटलं, “अगं, हे तर आपल्याला येतं!”

पण मी सुरुवात केली ती केवळ तिच्या आग्रहाने नाही. १९६२ मध्ये, आमची माणसं इस्रायलला जाऊन स्थायिक होऊ लागली होती तेव्हा, तिथल्या धर्मपीठाने लग्नं लावणाऱ्यांना फर्मान काढलं की बेने इस्रायल असेल तर आईकडच्या पिढ्या जमतील तितक्या मागे जाऊन तपासा. शंका ही की या लोकांना घटस्फोटाचे आणि दीर-भावजयीच्या विवाहाचे नियम ठाऊक नव्हते, मग पूर्वी कुणाचं दुसरं लग्न नियमाबाहेर झालं असेल तर? आमच्या लोकांनी जेरुसलेमच्या रस्त्यावर ठाण मांडलं. १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ठराव करून हे लोक पूर्णपणे बरोबरीचे ज्यू आहेत असं बजावलं, तेव्हा फर्मान मऊ झालं. घरात मोठी माणसं यावर बोलायची ती आवाज खाली आणून. लहान असताना मला एवढंच कळलं होतं की कुठल्याशा पुस्तकात आपल्याविषयी काहीतरी आहे.

तर ते पुस्तक आपणच उघडावं, कुणाच्या मार्फत नको, हे माझं खरं कारण. दीर-भावजयीच्या विवाहाचा यवामोत आणि घटस्फोटाचा गित्तिन हे खंड मी वकिलासारखे, ओळ न ओळ खुणा करत वाचले. रागही आला. मग ऑक्टोबर २०२३ मध्ये किद्दुशिनचं ७१ वं पान आलं. ते दिवस वाईट होते. अश्दोदला भोंगे वाजत होते, बहीण घरातल्या निवाऱ्याच्या खोलीत बसून फोनवर वाचत होती. पान आहे कुळांच्या शुद्धाशुद्धतेचं. त्यात रब्बी इझाक म्हणतात, देवाने इस्रायलवर उपकारच केला, जे कूळ मिसळून गेलं ते मिसळून गेलं. म्हणजे आता उकरू नका. रब्बी योहानान तर शपथ घेऊन म्हणतात की कुणाच्या कुळात काय आहे हे उघड करणं आपल्या हातात आहे, पण करू काय, या पिढीतली थोर माणसं अशाच कुळांत मिसळलेली आहेत!

आणि मिश्नेत याच विषयावर एलियाहूचं नाव येतं. तो येईल तेव्हा कुणाला आत घ्यायचं नि कुणाला बाहेर काढायचं, यावर जुन्यांची मतं निरनिराळी. शेवटी ज्ञानी म्हणतात : तो ना दूर लोटायला येणार, ना जवळ ओढायला. तो येणार जगात सलोखा करायला.

आमच्याकडे एलियाहू हन्नाबीचा मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोड्याची पूड, ताटात कडेने केळी, खजूर आणि मिळतील ती फळं, वर गुलाबाच्या पाकळ्या. नवस फेडताना, लग्नाआधी, कुणी परदेशी निघालं की. ज्यांना तालमूदचा ‘त’ ठाऊक नव्हता त्या बायकांनी साऱ्या संदेष्ट्यांतून नेमका हाच एक ताटासाठी निवडला. त्या दिवशी मी बहिणीला म्हटलं, “निवाऱ्यात पोहे आहेत का गं?” ती हसली, मग रडली. आमचं त्या दिवशीचं पान तिथेच थांबलं.

यंदा एप्रिलमध्ये मनाहोत खंडात तेलाचं प्रकरण आलं. जैतुनाचे तीन वेचे, आणि प्रत्येक वेच्याचं तीन प्रतीचं तेल. शेंड्यावरची फळं हलके कुटून टोपलीत ठेवली की आपसूक निथळतं ते पहिलं. तुळईने दाबून निघतं ते दुसरं. पुन्हा दळून दाबलं की तिसरं. पहिलं मंदिराच्या दिव्याला, बाकीचं पिठाच्या नैवेद्याला. मी घाणा चालताना पाहिलेला नाही. आजीच्या लहानपणीच घरचा बंद पडला होता. तरी ती दुकानातलं तेल तळहातावर थेंब घेऊन, चोळून, वास घेतल्याशिवाय घ्यायची नाही, आणि दुकानदाराला तोंडावर सांगायची, “हा दुसरा उतारा आहे.” तिला हे पान वाचून दाखवलं असतं तर तिने त्या रब्बींच्या चार चुका काढल्या असत्या.

तुमच्या ‘तुमचं कसं’ला माझ्याकडे याहून सरळ उत्तर नाही.

आपला भारत येतो का त्यात? (अनेकांनी विचारलंय)

येतो, थोडा थोडा. एस्तेरच्या गोष्टीतल्या ‘हिंदपासून कूशपर्यंत’ या शब्दांवर राव आणि शमुएल यांचा वाद आहे. एक म्हणतो, हे दोन देश जगाच्या दोन टोकांना. दुसरा म्हणतो, छे, शेजारी शेजारी. दोघांपैकी कुणी नकाशा पाहिलेला नसावा. योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, महायाजक दुपारच्या सेवेत घालायचा ते तलम कापड हिंदी.

आणि एक ‘हिंदी यहूदा’ आहे, त्याची दर्यावर्दी गोष्ट. बोटीतून जाताना त्यांनी सापाने वेढा घातलेला मणी पाहिला. पाणबुड्या मणी काढायला उतरला, साप बोट गिळायला धावला. एका पक्षिणीने सापाचं मुंडकं तोडलं, तर दुसऱ्या सापाने तो मणी त्याच्यावर ठेवून त्याला जिवंत केलं. पुन्हा पक्षीण, पुन्हा मुंडकं, आणि मणी बोटीवर. बोटीत खारवलेले पक्षी होते. गंमत म्हणून मणी त्यांच्यावर ठेवला, तर ते जिवंत होऊन मण्यासकट उडून गेले. म्हणजे आपला नागमणीच. बाबिलोनच्या पंडितांत बसून ही थाप मारणारा माणूस हिंदीच असणार, याबद्दल मला शंका नाही.

पुरुषांनी पुरुषांसाठी लिहिलेलं हे पुस्तक. बायकांबद्दल वाईटसाईटही असेलच. तुम्हाला चालतं? (कॉलेज रोड)

चालत नाही, तरी वाचते. सोता खंडात रब्बी एलिएझर म्हणतात, मुलीला तोरा शिकवणं म्हणजे तिला चवचालपणा शिकवणं. पण त्याच मिश्नेत, त्यांच्या अगदी शेजारी, बेन अझ्झाई म्हणतात, मुलीला तोरा शिकवणं बापाचं कर्तव्यच आहे. पुढे कित्येक शतकं एलिएझरांचंच चाललं. बेन अझ्झाईंची ओळ मात्र कुणी पुसली नाही, म्हणून आज ती बायकांना दाखवता येते. एलिएझरांची मी पेन्सिलीने चौकट करून ठेवली आहे.

मी रोज ज्ञानेश्वरीच्या थोड्या ओव्या वाचायचं ठरवते. आठवडाभर जमतं, मग खंड पडतो, मग अपराधी वाटून पोथीकडे बघवत नाही. तुमचा नेम टिकतो कसा? (एक ताई, सिन्नर)

ताई, टिकतो कारण चुकलं तरी पान माझ्यासाठी थांबत नाही. ताप आला, लग्नघरी गेले, की चार पानं निघून जातात. परत आल्यावर मी मागचं भरून काढत बसत नाही, आजचं उघडते. मागचं जमेल तेव्हा, नाही जमलं तर पुढच्या फेरीत. तुम्हीही खंड जिथे पडला तिथून सुरू करू नका. तारखेला ओवी बांधून टाका आणि आजच्या तारखेचं वाचा. देवघरातली पोथी सोवळ्यात राहू दे. वाचायला साधी प्रत वेगळी घ्या आणि ती जेवणाच्या टेबलावर ठेवा.

दुसरं, एकटीने वाचू नका. तालमूदमध्ये रब्बी योहानान आणि रेश लाकिश यांची गोष्ट आहे. रेश लाकिश गेल्यावर योहानान खचले, म्हणून त्यांच्याकडे एक हुशार शिष्य धाडला. तो प्रत्येक बोलण्यावर म्हणायचा, तुमच्या मताला अमुक ठिकाणी आधार आहे. योहानान भडकले. म्हणाले, माझं बरोबर आहे हे मला ठाऊक नाही का? लाकिशचा पोरगा माझ्या एकेका वाक्यावर चोवीस हरकती घ्यायचा आणि मी चोवीस उत्तरं द्यायचो, त्यातून विषय उलगडायचा.

तुम्हाला तशी हरकती घेणारी एक मैत्रीण शोधा. सून, शेजारीण, कुणीही चालेल, फक्त ‘वा, किती छान’ म्हणणारी नको. सिन्नरला कुणी मिळालंच नाही तर संपादकांकडून माझा नंबर घ्या. ज्ञानेश्वरीतलं मला फारसं कळत नाही, पण हरकती भरपूर घेता येतात. शनिवार सोडून कधीही फोन करा.